दहा मिलिमीटर पीपी शीटचे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: मकरपुऱ्यातील एका वर्कशॉपचा अनुभव

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्या बनवणाऱ्याला पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीपीची शीट कधी ना कधी अपुरी पडतेच. बाजारात सहज मिळणारी शीट चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असते. टाकी नऊ फुटांची निघाली की तिच्या बाजूला जोड आलाच. हा जोड आम्ही आजवर व्ही खाच पाडून, हॉट एअर गनने वेल्डिंग रॉड वितळवून मारत आलो आहोत. त्यात सगळा भरवसा कारागिराच्या हातावर असतो, आणि सकाळचा हात व संध्याकाळचा हात यांतला फरक जोडावर स्पष्ट दिसतो. म्हणूनच बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एक वर्कशॉप प्लास्टिकचे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग करून देते असे कळल्यावर दोन टाक्यांच्या चार बाजू मी तिकडे दिल्या. वर्कशॉपचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रारही नोंदवायची आहे.

ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या 'टीडब्ल्यूआय' या वेल्डिंग संशोधन संस्थेत निघाली, ती ॲल्युमिनियमसाठी. फिरणारी पिन दोन पत्र्यांच्या सांध्यात उतरवायची आणि सांध्याच्या रेषेने पुढे न्यायची. घर्षणाने धातू वितळत नाही, मऊ होतो आणि ढवळला जाऊन एकजीव होतो. रॉड लागत नाही, खाचही पाडावी लागत नाही. प्लास्टिकला मात्र ही कृती जशीच्या तशी लावली तर काम बिघडते. ॲल्युमिनियम पीपीच्या सुमारे हजार पट उष्णता वाहून नेतो; पीपीत उष्णता पिनेभोवतीच कोंडून राहते, आणि पिनेवरचा रुंद शोल्डर, म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागावर टेकणारा भाग, पिनेबरोबर फिरत असेल तर तो वितळलेला माल सांध्यात दाबून ठेवण्याऐवजी बाहेर भिरकावून देतो. यावर तोडगा असा, की शोल्डर स्थिर ठेवायचा, त्यात हीटर बसवायचा आणि फक्त पिन फिरवायची. या वर्कशॉपने असा तापता स्थिर शोल्डर, म्हणजे 'बूट', स्वतःच बनवला आहे. तो इस्त्रीसारखा सांध्यावरून सरकतो आणि पिन पुढे गेल्यावरही मागचा माल थोडा वेळ दाबून धरतो. हा बूट पाहूनच मी काम देण्याचे ठरवले. तो नसता तर नमुनासुद्धा मागितला नसता.

मशीन म्हणजे जुना प्लॅनो मिलर, लांब टेबलाचे मोठे मिलिंग मशीन. साध्या उभ्या मिलिंग मशीनवर नऊ फुटी बाजू मागच्या खांबाला अडली असती. येथे ती टेबलावर लांबीने निजते आणि हेड आडवे सरकत नऊशे मिलिमीटरचा जोड पुरा करते. माझ्या कामाला सुमारे हजार आरपीएम आणि मिनिटाला पंचवीस मिलिमीटर फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, ठेवला होता, म्हणजे एका जोडाला छत्तीस मिनिटे. बूट तापवणे, क्लॅम्प आवळणे आणि जोड निवेपर्यंत क्लॅम्प न सोडणे हे वेगळेच. पिन बाहेर निघते तेथे भोक राहते, म्हणून सांध्याच्या दोन्ही टोकांना त्याच शीटचे जादा तुकडे लावतात आणि भोक त्या तुकड्यात सोडून तो नंतर कापून टाकतात. ही काळजी मला न सांगता घेतली गेली, याची नोंद आवर्जून करतो.

पहिला नमुना हातात आला तेव्हा वरची बाजू इतकी सफाईदार होती की एखाद्याने तेथेच होकार दिला असता. मी मात्र इंचभर रुंदीची पट्टी कापून घेतली आणि जोडाची खालची बाजू बाहेर येईल अशा रीतीने व्हाइसमध्ये वाकवली. पट्टी खालून पुस्तकासारखी उघडली. फोरमन आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातले, अनुभवी गृहस्थ. त्यांनी वाद न घालता व्हर्नियर आणला आणि शीट मोजली. दहा मिलिमीटर म्हणून घेतलेली शीट प्रत्यक्षात १०.४ मिलिमीटर भरली. पिनेची लांबी ९.८ मिलिमीटर, म्हणजे तळाशी ०.६ मिलिमीटर माल ढवळलाच गेला नव्हता. "काका, आता पिन लांब करणार की काय?" असे मी विचारले. ते म्हणाले, "नको, शीट उलटून खालूनही एकदा फिरवू. उद्या दुसरी शीट बरोबर दहाची निघाली, तर लांब पिन खालच्या प्लेटवर घासेल." पुढच्या नमुन्याची पट्टी दोन्ही अंगांनी वाकवली, ती तुटली नाही.

तक्रार आहे ती चौथ्या बाजूची. त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाचे काम रांगेत होते आणि मशीनवरच्या माणसाने मला न विचारता फीड दुप्पट केला. वरून पाहता चारही जोड जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. जादा तुकडा कापल्यावर मात्र आत टाचणीच्या डोक्याएवढी दोन-तीन पोकळ भोके दिसली. कारण उघड आहे: वरचा थर आधी निवून कडक होतो, आतला माल उशिरा आकसतो आणि त्याला आकसायला जागा उरत नाही, म्हणून तो मधोमध फाटतो. सावकाश चाललेला तापता बूट नेमके हेच टाळतो. मालकांनी चूक मान्य केली आणि त्याच रेषेवरून मूळ फीडने पुन्हा जोड फिरवून दिला, पैसे घेतले नाहीत. माझे दोन दिवस मात्र गेले. तो जादा तुकडा मी कापून पाहिला नसता तर ही गोष्ट टाकीत ॲसिड भरल्यावर कळली असती.

दराबाबत स्पष्ट सांगायचे तर माझे बिल हॉट एअरच्या जोडापेक्षा सुमारे अडीचपट आले. सरळ, सपाट आणि जाड शीटच्या जोडासाठी ते मला मान्य आहे. परंतु जवळपास कोणाकडे शीटचे बट वेल्डिंग मशीन असेल, म्हणजे तापलेल्या प्लेटवर दोन्ही कडा वितळवून एकमेकींवर दाबणारे, तर आधी तेथे चौकशी करावी. तेही रॉडशिवाय चांगला जोड देते आणि वेळ पुष्कळ कमी घेते. या वर्कशॉपमध्ये ते मशीन नाही, प्लॅनो मिलर आहे, आणि आहे त्या मशीनवर त्यांनी हे तंत्र बसवले आहे. कोपऱ्याचे जोड त्यांच्याकडे होत नाहीत. पीव्हीसी ते घेत नाहीत, कारण ते जास्त तापले की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. हा नकार मला त्यांच्या कामाइतकाच विश्वासार्ह वाटला.

टाक्यांचे कोपरे मी नेहमीप्रमाणे एक्स्ट्रुजन वेल्डिंगने, म्हणजे वितळलेले प्लास्टिक यंत्राने सांध्यात भरून, करून घेतले. दोन्ही टाक्या पाण्याने भरून चोवीस तास ठेवल्या. बाजूंच्या जोडांपाशी कोठेही ओल दिसली नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोन टाक्यांचे काम त्याच वर्कशॉपला देणार आहे, मात्र प्रत्येक शीट चार ठिकाणी मोजून, जाडी तिच्यावर मार्करने लिहून, आणि ऑर्डरमध्ये फीड व दोन्ही बाजूंनी फिरवण्याची अट घालून.