ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा की जर्मनीचं ब्लू कार्ड?

ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये सात-आठ वर्षं काढली की बऱ्याच जणांपुढे हे दोन रस्ते येतात: ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा आणि जर्मनीचं ब्लू कार्ड, दोन्ही तिथे राहून नोकरी करायचे परवाने. माझ्यापुढे ते २०२४ च्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात आले. एक ऑफर इंग्लंडची, एक दक्षिण जर्मनीची. काम जवळपास तेच, एम्बेडेड म्हणजे यंत्रांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. आम्ही जर्मनीला गेलो. सुट्टीत नौपाड्याला घरी आलो की सोसायटीतली मुलं हाच विषय काढतात, म्हणून त्यांना जे सांगतो तेच इथे मांडतो.

वर्षाच्या पगाराची किमान अट दोन्हीकडे आहे. ब्रिटनची तेव्हा ३८,७०० पाउंड होती, जुलै २०२५ पासून ४१,७०० झाली. ब्लू कार्डाची २०२४ मध्ये ४५,३०० युरो होती, आणि माणसं कमी असलेल्या कामांसाठी (आयटी, इंजिनिअरिंग त्यातच येतं) ४१,०४२ च्या आसपास. तीही दर जानेवारीत बदलते. अनुभवी माणसाचं इथे सहसा अडत नाही.

माझं अडलं ते दुसरीकडेच. ब्रिटनच्या अर्जात इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज नावाची एक रक्कम असते, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, मुलाला ७७६. आणि ती दरवर्षी भरायची नसते. जितक्या वर्षांचा व्हिसा, तितक्या वर्षांची एकदम, तीही निघायच्या आधी. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं टेबलावर वही घेऊन बसलो. तिघांचा पाच वर्षांचा सरचार्ज १४,२३० पाउंड. त्यावर व्हिसाची फी, तेव्हा माणशी १,४२०. कंपनीने कळवलं होतं की तुमचं आम्ही भरू, कुटुंबाचं तुम्ही बघा. मायलेकींचे मिळून ११,८९५ पाउंड, म्हणजे साडेबारा लाखांच्या वर. बायकोने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "तिथला पहिला पगार हातात यायच्या आधी एवढे?" हे पैसे ठेवले होते, पण ते आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. तीन वर्षांचाच व्हिसा घ्यावा असं एका मित्राने सुचवलं. आकडा लहान होतो खरा, पण मुदत वाढवताना पुन्हा तेच भरायचं.

जर्मनीच्या व्हिसाची फी मोठ्यांना ७५ युरो, मुलांना त्याच्या निम्मी. तिघांचे मिळून सतरा हजार रुपये, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. तिथे पोचल्यावर कार्डासाठी माणशी शंभर युरोपर्यंत. आरोग्यविमा फुकट नाही, उलट पगारातून चांगला कापला जातो. पण कापला जातो तो महिन्याच्या महिन्याला, निम्मा वाटा कंपनी उचलते, आणि बायको कमावती नसेल तर सरकारी विम्यात ती आणि मूल जादा हप्ता न देता बसतात. एकूण हिशेबात कोण स्वस्त पडेल हे प्रत्येकाच्या पगारावर आहे. घर सोडताना गाठीशी काही राहावं असं वाटणाऱ्याला मात्र हा फरक मोठा आहे.

कायमच्या वास्तव्याचंही बघा. ब्लू कार्डावर २७ महिन्यांत अर्ज करता येतो, जर्मन बी-वन पातळीपर्यंत (रोजच्या व्यवहारापुरतं) आलं तर २१ महिन्यांत. ब्रिटनमध्ये तेव्हा पाच वर्षं होती, आणि मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तिथल्या सरकारने ती दहा करायचा मानस जाहीर केला. नोकरी गेली तर ब्रिटनमध्ये साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी पाठीशी उभी राहणारी कंपनी, शोधावा लागतो. लहान मूल शाळेत असताना साठ दिवस फार थोडे.

आता जर्मनीची अवघड बाजू. भाषा, भाषा आणि भाषा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, पण म्हणून शिकलं नाही तर घराच्या दारात पडलेलं प्रत्येक पत्र शेजाऱ्याकडे घेऊन जावं लागतं. माझी मुलगी पहिले चार महिने शाळेत गप्प होती. ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं. इंग्लंडमध्ये तिच्यावर ही वेळ आली नसती, आणि ज्यांची मुलं दहा-बारा वर्षांची आहेत त्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा वरचा धरावा. बायको डॉक्टर किंवा नर्स असेल तर जर्मनीत पदवीची मान्यता आणि भाषा दोन्ही बघावं लागतं; त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाऊ शकतं.

कागदांचं एक सांगतो. जर्मनीला पदवी 'आनाबिन' या परदेशी पदव्या-विद्यापीठांच्या जर्मन यादीत दिसावी लागते. मुंबई विद्यापीठ तिथे एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे. कॉलेजचं नाव शोधत बसू नका, पदवी विद्यापीठाची असते. त्या पानाची प्रिंट जोडा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर तसं नाही. मला व्हिसाच्या खिडकीवर विचारलं, "हे चौथं नाव कुणाचं?" मी म्हटलं, "आईचं." एका ओळीचं स्पष्टीकरण सोबत ठेवलं होतं, ते दिलं, काम झालं.

परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा विचारत होता, "दादा, मी काय करू?" त्याचं लग्न व्हायचंय, मामा इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे, आणि कंपनी त्याचा सगळा सरचार्ज भरतेय. त्याला मी ब्रिटन नको असं म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की सही करायच्या आधी एक ईमेल टाक: सरचार्ज किती वर्षांचा भरणार, पुढे बायको आली तर तिचा कोण भरणार, आणि मी मध्येच नोकरी सोडली तर तो माझ्याकडून वसूल करणार का. उत्तर लेखी आलं की मला दाखव, मी अजून आठवडाभर इथेच आहे.