जीवन प्रमाण ऍप: यंदा आईने हयातीचा दाखला स्वतः काढला

नोव्हेंबर आला की आमच्याकडे एकच टेन्शन, आईचा हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा. वडील रेल्वेत होते, आता आईला फॅमिली पेन्शन येते, मिरजेला एकटीच असते, वय ७६ आणि गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी बँकेत गेली तर मशीन अंगठाच घेईना, भांडी घासून भाकऱ्या थापून रेषा झिजल्यात तिच्या, चारदा हात पुसून ठेवला आणि मग काउंटरवरचा म्हणाला आजी बाजूला व्हा. सगळ्यांसमोर. फार लागलं तिला ते.

म्हणून हे सरकारी जीवन प्रमाण ऍप. ऑनलाइन दाखला २०१४ पासून आहे पण चेहऱ्यावरून काढायची सोय २०२१ मधे आली, आणि खरा फरक तिथेच पडला, अंगठ्याची कटकटच नाही. प्ले स्टोअरवरून दोन ऍप घ्यायची, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. पहिलं उघडायचं नसतं, ते मागे राहून काम करतं. मग आधार नंबर, ओटीपी, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), बँक खातं, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे. उजेड तोंडावर हवा, खिडकीकडे पाठ करून बसू नका.

मागच्या वर्षी मी फोन हातातून घेऊन सगळं पटापट उरकलं, तिला काही कळलंच नाही. यंदा ठरवलं फोनला हात लावायचा नाही. तिने वहीत एकेक पायरी मराठीत लिहून काढली, पीपीओ नंबर मोठ्या अक्षरात. ओटीपीचा मेसेज वर येऊन लगेच गायब होतो तिथे दोनदा अडली, मग आकडे मोठ्याने म्हणत टाकले. पाऊण तास लागला. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता!

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. दोन ऍपचं एक केलं असतं तर वयस्कर माणसांना अजून सोपं गेलं असतं, तेवढा अर्धा कापला. ज्यांना अजिबात जमत नाही त्यांनी पोस्टमनला घरी बोलवा, ७० रुपयांत काम होतं. ८० च्या वरच्यांना दाखला नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासूनच काढता येतो. आणि दाखल्यासाठी म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर प्लीज देऊ नका.

परवा समोरच्या काकूंचा दाखलाही आईनेच आपल्या फोनवरून काढून दिला. ज्याचा फोन त्याला ऍपमधे ऑपरेटर म्हणतात, तर काकू आता तिला ऑपरेटरबाई अशीच हाक मारतात.