अटलांटाचं कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम: टीमच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचा वाद मिटवायला कितपत कामाचं?

आधी निकाल सांगतो. अटलांटाचं कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या थोर कॉलेज खेळाडूंचं सन्मान-संग्रहालय, पाहण्यासारखं आहे आणि अडीच-तीन तास तिथे कसे जातात ते कळत नाही. पण ‘आमच्या कॉलेजच्या इतिहासातला सर्वात मोठा खेळाडू कोण’ याचं उत्तर तिथे मिळेल अशी आशा धरून गेलात, तर हात हलवत परत याल. वादाला लागणारा माल तिथे भरपूर आहे, तराजू मात्र आपलाच न्यावा लागतो. हे आधी माहीत असेल तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

हे हॉल नॅशनल फुटबॉल फाउंडेशनचं. पूर्वी ते ओहायोत होतं, मग 1995 ते 2012 इंडियानातल्या साउथ बेंडला, म्हणजे थेट नोटर डेम या विद्यापीठाच्या गावात. ऑगस्ट 2014 पासून ते अटलांटात सेंटेनियल ऑलिंपिक पार्कला लागून आहे. मार्टा रेल्वेने आलात तर स्टेशनहून चालत पोचता येतं आणि तेच सोयीचं. शेजारी जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर आणि जवळच मर्सिडीज-बेंझ स्टेडियम असल्यामुळे अधिवेशन किंवा मॅच असली की पार्किंगचे हाल होतात. आतलं मैदान खासगी कार्यक्रमांनाही भाड्याने देतात, त्यामुळे निघण्याआधी त्या दिवशी सगळे भाग खुले आहेत ना, ते बघून घ्या.

आत शिरल्यावर समोर तीन मजली उंच हेल्मेटची भिंत दिसते. सातशेहून जास्त कॉलेजांची हेल्मेट तिथे ओळीने लावली आहेत. गळ्यात घालायचा पास मिळतो, त्यावर नाव आणि आवडती टीम नोंदवायची. नोंदणी झाली की भिंतीवरचं त्या टीमचं हेल्मेट उजळतं. पुढचे बरेच पडदे तो पास ओळखून तुमच्या टीमचा मजकूर दाखवतात, म्हणून नोंदणी घाईत उरकू नका. ज्या टीमवर वाद घालायचा आहे तीच निवडा. चौघे मिळून गेलात आणि दोन टीमची तुलना करायची असेल, तर दोघांनी एक आणि दोघांनी दुसरी नोंदवावी.

45 यार्डांचं मैदान, फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) मारून बघायची सोय, कॉलेजची गाणी म्हणायची खोली हे सगळं मुलांना आवडेल असं आहे. वादासाठी मात्र थेट तिसऱ्या मजल्यावर जा, खरं हॉल तिथे आहे. ओहायोतल्या कँटनच्या प्रो (व्यावसायिक) फुटबॉल हॉलमध्ये असतात तसे ब्राँझचे अर्धपुतळे इथे नाहीत. काचेवर वर्षवार नावं आहेत आणि पडद्यावर खेळाडू शोधून त्याची माहिती उघडता येते. गर्दी खालच्या मजल्यांवर जास्त असते, त्यामुळे दार उघडताच आधी वर जाऊन मग खाली उतरत यावं.

इथे पहिली चूक होते ती वर्षं वाचण्यात. काचेवरचं वर्ष हे हॉलमधल्या प्रवेशाचं असतं. खेळाडूच्या मोठेपणाशी किंवा त्याच्या काळाशी त्याचा थेट संबंध नाही. नोटर डेमचे ‘फोर हॉर्समेन’ घ्या. स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन हे चौघे 1924 च्या टीमच्या एकाच बॅकफील्डमध्ये (आक्रमणाच्या मागच्या फळीत) खेळले. तरी लेडन आत आला 1951 मध्ये, स्टुलड्रेअर 1958, क्राउली 1966 आणि मिलर 1970 मध्ये. प्रवेशाच्या वर्षावरून कोण सरस ते ठरवायला गेलात तर मिलर चौघांत शेवटचा ठरेल, आणि ते अन्यायाचं होईल.

दुसरी आणि मोठी चूक म्हणजे ‘हॉलमध्ये नाही, म्हणजे तेवढा मोठा नाही’ असं धरून चालणं. प्रवेशाचा मुख्य नियम असा, की एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या निवडकर्त्यांपैकी किमान एकाने खेळाडूला ‘पहिल्या टीमचा ऑल-अमेरिकन’ (त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम टीममधला) म्हणून निवडलेलं असलं पाहिजे. शेवटच्या कॉलेज सीझननंतर पुरे दहा सीझन जावे लागतात, आणि व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना नाव विचारात घेत नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या खेळाडूंसाठी वेगळी समिती आहे. खेळ सोडल्यानंतरचं नागरिक म्हणून वागणंही पाहिलं जातं.

यातली पहिली अट इतकी कडक आहे की व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बाउल, चार वेळा जिंकलेला जो मोंटाना या हॉलमध्ये नाही. नोटर डेमला 1977 ची राष्ट्रीय चॅम्पियनशिप मिळाली तेव्हाचा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) तोच. 1 जानेवारी 1979 च्या कॉटन बाउलमध्ये (बाउल म्हणजे सीझन संपल्यावरचा खास सामना) ह्यूस्टनविरुद्ध टीम 34-12 अशी मागे होती. अंग गार पडलेला मोंटाना लॉकर रूममध्ये चिकन सूप पिऊन मैदानावर परतला आणि सामना 35-34 असा जिंकून दिला. पण पहिल्या टीमचा ऑल-अमेरिकन तो कधीच झाला नाही. नियमाने दार बंद. माझ्या मते तिसऱ्या मजल्यावर ही अट ठळक अक्षरांत लावायला हवी, कारण पाहणारा भिंतीवर नाव शोधतो, सापडत नाही आणि भलताच निष्कर्ष काढून जातो. क्वेंटन नेल्सनसारख्या गार्डचंही (आक्रमणाच्या पुढच्या फळीतला खेळाडू) तसंच. 2017 मध्ये तो एकमताने ऑल-अमेरिकन होता, पण दहा सीझनची अट पुरी होईपर्यंत त्याचं नाव तिथे दिसण्याचा प्रश्नच नाही. थोडक्यात, हॉल हा उंबरठा आहे, क्रमवारी नाही.

मग वाद घालायचा कसा? नोटर डेमवरच दाखवतो, कारण त्यांच्याकडे हाइसमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेले सात खेळाडू आहेत: बर्टेली 1943, लुजॅक 1947, हार्ट 1949, लॅटनर 1953, हॉर्नंग 1956, हुआर्टे 1964 आणि टिम ब्राउन 1987. सातही जण हॉलमध्ये आहेत, म्हणजे हॉलचा निकष वापरून त्यांच्यात फरक करताच येत नाही.

सुरुवातीला एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगमधली, कामगिरी बाजूला ठेवा. चार सुपर बाउल मोंटानाच्या कॉलेजच्या खात्यात जमा होत नाहीत. अ‍ॅलन पेज 1971 मध्ये एनएफएलचा एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) झाला, पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. पण नोटर डेमच्या यादीत त्याची जागा ठरवायची ती 1966 च्या चॅम्पियन टीममधल्या खेळावर. ही एक शिस्त पाळली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

त्यानंतर आकडे, आणि आकडे तपासताना ते कोणत्या काळातले आहेत हे आधी बघायचं. कॉलेजमधलं पासर रेटिंग (पास टाकणाऱ्याचं गुणांकन) काढायचं सूत्र सोपं आहे: यार्ड गुणिले 8.4, अधिक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) गुणिले 330, अधिक पूर्ण झालेले पास गुणिले 100, वजा इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) गुणिले 200, आणि या सगळ्याला एकूण पासांनी भागायचं. हॉर्नंगने 1956 मध्ये 111 पैकी 59 पास पूर्ण केले, 917 यार्ड, 3 टचडाउन, 13 इंटरसेप्शन. उत्तर येतं 108.0. मोंटाना 1978 मध्ये 260 पैकी 141, 2,010 यार्ड, 10 टचडाउन, 9 इंटरसेप्शन, म्हणजे 124.9. ब्रेडी क्विन 2005 मध्ये 450 पैकी 292, 3,919 यार्ड, 32 टचडाउन, 7 इंटरसेप्शन, म्हणजे 158.4. नुसतं गणित मानलं तर क्विन कितीतरी पुढे आणि हाइसमन जिंकणारा हॉर्नंग तळाला.

गणित बरोबर आहे, तुलना चुकते. 1953 पासून जवळजवळ दशकभर नियमच असे होते की खेळाडू मनाला येईल तसे बदलता येत नसत, आक्रमण आणि बचाव दोन्ही त्याच माणसांनी करायचं. हॉर्नंग पास टाकायचा, पळायचा, किक मारायचा, पंट (हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर मारणं) मारायचा, किक परत आणायचा आणि बचावातही उभा राहायचा. 13 इंटरसेप्शन त्याच थकलेल्या माणसाचे आहेत, तेही 2 विजय आणि 8 पराभव अशा सीझनमध्ये, जिथे टीम बहुतेक वेळ मागेच असायची. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेल्या टीममधून हाइसमन मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. तरीही त्याचा हाइसमन बिनतोड मानू नये. त्याला 1,066 गुण मिळाले, टेनेसीच्या जॉनी मेजर्सला 994, ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनल्डला 973, आणि पहिल्या क्रमांकाची मतं मॅकडोनल्डला हॉर्नंगपेक्षा जास्त होती. सिराक्यूजचा जिम ब्राउन त्या वर्षी पाचवा आला. मी हॉर्नंगला नोटर डेमच्या पहिल्या पाचांत घेईन, पहिल्या दोघांत नाही.

आणखी दोन फरक पडद्यावर ठळक दिसत नाहीत, ते डोक्यात घेऊन जा. एनसीएए सीझनच्या आकड्यांत बाउल गेम धरते ती 2002 पासून. त्यामुळे क्विनचे बाउल त्याच्या खात्यात आहेत, पण मोंटानाचा तो कॉटन बाउल वरच्या 2,010 यार्डांत नाही. त्यात नोटर डेमने 1925 च्या रोझ बाउलनंतर 1970 च्या कॉटन बाउलपर्यंत एकही बाउल खेळला नाही, म्हणजे लुजॅक, हार्ट, लॅटनर, हॉर्नंग यांना ती संधीच नव्हती. शिवाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य टीममधून सरसकट खेळायची मुभा 1972 पासूनची. युद्धकाळासारखे अपवाद सोडले तर त्याआधीच्या खेळाडूंना तीनच सीझन मिळायचे. ऑट्री डेन्सनचे 1995 ते 1998 मधले 4,318 रशिंग यार्ड (चेंडू घेऊन पळून मिळवलेले) आणि जॉर्ज गिपचे 1917 ते 1920 मधले 2,341 यार्ड शेजारी ठेवताना सीझनमधल्या सामन्यांची संख्याही मांडा. गिपचा विक्रम 1978 पर्यंत टिकला, हे मला त्या आकड्याइतकंच वजनदार वाटतं.

बचावातल्या खेळाडूंवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. टॅकल (चेंडू असलेल्याला पाडणं) आणि सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) यांची अधिकृत राष्ट्रीय नोंद एनसीएएने 2000 पासून ठेवायला घेतली. त्याआधीचे आकडे त्या-त्या कॉलेजने स्वतः मोजलेले, मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून. रॉस ब्राउनरच्या नावावर कॉलेजच्या नोंदीत 340 टॅकल आहेत, त्यांतले 77 प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणारे. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही, कारण 1976 ची आउटलँड ट्रॉफी आणि 1977 ची लोंबार्डी व मॅक्सवेल त्याच्याकडे आहेत. मॅक्सवेल हा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आणि तो एका डिफेन्सिव्ह एंडला (बचावाच्या फळीत कडेला खेळणाऱ्याला) मिळाला. त्याच्या काळात टीमने 1973 आणि 1977 अशा दोन चॅम्पियनशिप जिंकल्या. हॉलच्या पडद्यांवर अशा खेळाडूची गोष्ट फोटो आणि पुरस्कारांच्या यादीत आटोपते. मैदानावर तो नेमकं काय करायचा हे त्यातून उभं राहत नाही. या बाबतीत हॉल कमी पडतं, असं मला स्पष्ट वाटतं.

टिम ब्राउनच्या बाबतीत उलट. 1987 मध्ये त्याने झेलले 39 पास, 846 यार्ड. आजच्या रिसीव्हरच्या मानाने हे आकडे साधे वाटतात. गोल्डन टेटने 2009 मध्ये 93 पास आणि 1,496 यार्ड केले. पण ब्राउनला हाइसमन मिळाला तो चेंडू कुठूनही हातात आला की काय होईल या धाकामुळे. मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने लागोपाठ दोन पंट परत आणून टचडाउन केले. असे क्षण चित्रफितीत बघायला मिळाले की आकड्यांचा प्रभाव उतरतो.

माझी यादी विचाराल, तर वर लुजॅक. 1943 मध्ये बर्टेली सहा सामन्यांनंतर मरीन दलात गेला आणि लुजॅकने टीम हातात घेतली. मध्ये नौदलात जाऊन आला, आणि खेळलेल्या तिन्ही सीझनमध्ये, 1943, 1946 आणि 1947, टीम राष्ट्रीय चॅम्पियन झाली. 1946 मध्ये आर्मीविरुद्धचा (वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीची टीम) सामना 0-0 सुटला, त्यात मोकळ्या सुटलेल्या डॉक ब्लँचर्डला पाडणारा बचावातला माणूस हाच क्वार्टरबॅक. दुसरा ब्राउनर, तिसरा लिऑन हार्ट. हार्टच्या चार वर्षांत टीम एकदाही हरली नाही, 36 विजय आणि 2 बरोबरी, आणि हाइसमन जिंकणाऱ्या दोन एंडपैकी (फळीच्या कडेला खेळणाऱ्यांपैकी) तो एक. हार्टला दुसरा ठेवणाऱ्याशी मी फार भांडणार नाही. मोंटानाला पहिला ठेवणाऱ्याशी मात्र नक्की भांडेन.

तिकीट काढण्याआधी घरी एवढं करा: टीमचे दहा खेळाडू, प्रत्येकाचे सीझन, सामन्यांची संख्या, पहिल्या टीमचा ऑल-अमेरिकन झाला का आणि कोणाच्या निवडीने, एवढं एका कागदावर लिहून न्या. तिसऱ्या मजल्यावर एकेक नाव उघडून त्यात भर घाला. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना आधी मैदानावर दमू द्या आणि मोठ्यांनी पाळीपाळीने वर जावं. दुपारनंतर शाळांच्या सहली पांगल्या की पडद्यांपुढे निवांत उभं राहायला मिळतं. कॉलेज फुटबॉलची मुळातच आवड असेल तर पाचपैकी चार. फक्त क्रमवारी हवी असेल तर अडीच.