बाबांच्या गाठीची जीन टेस्ट केली, त्याचा अनुभव (तोंडाचा कॅन्सर, खर्रा)

मागच्या दिवाळीनंतर बाबांच्या डाव्या गालातली गाठ काढली. ३० वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना घोटून) खाल्ला, नागपूरकडच्यांना यापुढे काही सांगायला नको. ऑपरेशनला आठवडा नाही झाला तर एका लॅबमधून फोन, की गाठीची जीन टेस्ट करा, त्यावरून तुमच्यासाठी नेमकं औषध निघेल. लॅबचं नाव लिहीत नाही, पण ही टेस्ट कशी होते आणि हातात काय येतं हे मला मराठीत कुठे नीट वाचायला मिळालं नाही म्हणून लिहिते.

पैसे ४२ हजार. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून ब्लॉक आपणच सही करून आणून द्यायचा. ब्लॉक म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची चौकट, त्यात मेण आणि मेणात नखाएवढा राखाडी तुकडा. ती डबी मांडीवर घेऊन मी ऑटोत बसले होते आणि सारखं मनात येत होतं की एवढ्याशा तुकड्याने आमचं घर सहा महिने हलवून सोडलं.

३ आठवडे म्हणाले, रिपोर्ट ५ आठवड्यांनी आला. तोही २२ पानी पीडीएफ थेट बाबांच्या व्हॉट्सॲपवर, आधी फोन नाही काही नाही. दुसऱ्या पानावर लाल अक्षरात बिघडलेल्या जीनची नावं, टीपी५३, सीडीकेएन२ए, फॅट१, कॅस्प८. बाकी बाबांना काही कळलं नाही, पण जीन म्हणजे खानदानी हे त्यांना माहीत. मला म्हणाले, "माह्यामुळं पोराईले बी होईल का हे?" दोन दिवस नीट जेवले नाहीत, आधीच तोंड दोन बोटं उघडत होतं. हेल्पलाइनला विचारलं तर "तुमच्या डॉक्टरांना विचारा". माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, ४२ हजार घेता तर दहा मिनिटं बोलायला एक माणूस ठेवा.

शेवटी डॉक्टरांनीच बाबांना समोर बसवून सांगितलं. हे बिघाड गाठीच्या पेशींमध्ये झालेत, वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारी गालात धरल्याने, आईबापाकडून आलेले नाहीत आणि पोरांकडे जाणार नाहीत. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटतात, मग एका पेशीच्या दोन होताना डीएनएची नक्कल करताना त्यातलं अक्षर चुकीचं उतरतं. टीपी५३ चं काम अशी बिघडलेली पेशी थांबवायचं, नाहीतर मारून टाकायचं. सीडीकेएन२ए पेशीची वाढ रोखतं, कॅस्प८ खराब पेशीला मरायला लावतं. बाबा शेतकरी, तर डॉक्टर म्हणाले, काका, वावरातले राखणदारच मेलेत. चोर, म्हणजे उगाच जोरात चालणारा जीन, असता तर औषधाने धरला असता, मेलेला राखणदार उठवायचं औषध अजून नाही. बाबांना हे लगेच कळलं, मलाही तेव्हाच कळलं की एवढे जीन सापडून औषधाचा रकाना रिकामा का होता.

आणि घरी येऊन वाचलं तर या रिपोर्टात नवल असं काही नव्हतंच. २०१३ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी, नवी मुंबईचं ॲक्ट्रेक (टाटाचं संशोधन केंद्र) आणि बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी (जीनवर काम करणारी सरकारी संस्था), भारतातल्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचे जीन तपासले होते, त्यात टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१, एचआरएएस हेच वर होते. २०१५ चा अमेरिकेतला तोंड-घशाच्या २७९ गाठींचा अभ्यास आहे, एचपीव्ही (काही घशाचे कॅन्सर करणारा विषाणू) नसलेल्या गाठींत ८४ टक्क्यांमध्ये टीपी५३ बिघडलेलं. म्हणजे टेस्ट खोटी नाही, काम चोख केलंय, पण आमच्या ट्रीटमेंटमध्ये एका गोळीचाही फरक पडला नाही. रेडिएशन द्यायचं हे मानेच्या गाठी आणि कापलेल्या कडा बघून ठरलं.

मग घ्यायची कधी? कॅन्सर परत आला, नेहमीचे उपाय संपले आणि डॉक्टर स्वतः म्हणाले तर घ्या, एचआरएएस (हा चोरांतला जीन) निघालं तर ट्रायलचा, म्हणजे नवीन औषधाच्या चाचणीत जायचा, विचार होऊ शकतो. इम्युनोथेरपीसाठी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) बघतात ती पीडी-एल१ नावाच्या प्रोटीनची टेस्ट वेगळी, ती याच ब्लॉकवर होते. टाटाच्या डॉक्टरांनी तर ऑपरेशनपलीकडे गेलेल्या पेशंटना नेहमीच्या गोळ्यांबरोबर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलीग्रॅम दर ३ आठवड्यांनी देऊन बघितलं, वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि त्याला असला जीन रिपोर्ट लागलाच नाही. कोणाला अगदी तरुणपणी, काही व्यसन नसताना झाला असेल तर घराण्याचं बघायची रक्ताची टेस्ट असते, ती निराळी. फोनवरचा माणूस या दोन्ही एकच असल्यासारखं बोलत होता, तिथे फसू नका.

टेस्टला ५ पैकी ४, समजावून सांगण्याला १. फोन नंबर देताना पेशंटचा देऊ नका, घरातल्या दुसऱ्याचा द्या. आणि ब्लॉक देताना पावतीवर "परत करणार" असं लिहून घ्या, पुढे पीडी-एल१ लागली तर तोच तुकडा लागतो. आमचा चार फोन केल्यावर दीड महिन्याने आला, एक कोपरा कापलेला, आता आईच्या कपाटात दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवलाय.