नेरूळचे मोटार वाइंडिंगवाले दादा आणि आमचा हॉट टब

आईच्या गुडघ्यांसाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही रो-हाऊसच्या मागच्या अंगणात हॉट टब बसवला. या पावसाळ्यात तो ट्रिप व्हायला लागला. पंप नीट चालायचा, पण हीटर लागला की दोन-तीन मिनिटांत आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच) खाली.

ज्यांच्याकडून टब घेतला त्यांचा माणूस आला. मल्टिमीटरवर हीटर १८ ओहम दाखवत होता. ३ किलोवॅटच्या हीटरला साधारण तेवढेच यायला हवेत, म्हणून हीटर चांगला ठरला आणि अख्खा कंट्रोल बोर्ड बदलायचं ४२ हजारांचं कोटेशन हातात पडलं. दुसरा एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, आरसीसीबी काढून टाकू, साधा एमसीबी (जो फक्त जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं तरच तुटतो) पुरतो. त्या पाण्यात माझी आई बसते! त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग शेजारच्या काकांनी नेरूळ पूर्वेच्या या दुकानाचं सांगितलं. छोटासा गाळा, पंखे आणि पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरतात. दादांनी आधी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग हीटर, पंप, ब्लोअर, ओझोनेटर सगळ्यांच्या वायरी बोर्डातून सोडवल्या आणि एकेक जोडत गेले. हीटर जोडला आणि ट्रिप. त्यावर ५०० व्होल्टचा मेगर (करंट बाहेर गळतो का ते तपासायचं मीटर) लावला तर काटा जवळजवळ शून्यावर. "ताई, आतली तार शाबूत आहे, म्हणून ओहम बरोबर येतात. वरच्या नळीला चीर गेलीय, आतल्या पावडरीत पाणी शिरलंय. करंट अर्थिंगला पळतोय." घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटतो. तो बिचारा आपलं काम चोख करत होता, आणि लोक त्यालाच काढायला निघाले होते.

नवीन हीटर यायला नऊ दिवस लागले. पाणी भरलं तर पंप नुसता घुंऽऽ करतोय, फिरत नाही. शाफ्ट हाताने सहज फिरला, म्हणजे बेअरिंग जाम नव्हतं. मोटारीला फिरायला जोर देणाऱ्या कपॅसिटरवर २५ मायक्रोफॅरड छापलेले, मीटरवर आले ९. तो बदलला. मग पंप फिरला, पण पाणी ओढेना. टब रिकामा केल्यावर हवा अडकते म्हणे. पंप बंद करून त्याच्यावरचं युनियन (पाइपचा आट्यांचा जोड) जरासं सैल करायला त्यांनी मलाच लावलं. फुसकन हवा निघाली, पाणी झिरपलं, की घट्ट. "पुढच्या वेळी यासाठी मला बोलवू नका."

सगळे मिळून ९,४०० रुपये, जुने पार्ट माझ्या हातात. तक्रार आहे ती वेळेची. दोनदा कबूल केलेल्या दिवशी आले नाहीत, फोनही संध्याकाळी सातनंतरच उचलतात. आईचे ते दिवस फार दुखण्यात गेले, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

तरी काम त्यांनाच द्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला त्यांनी सांगितलंय. काल दाबलं, लगेच तुटला. मग वर करून आईला पाण्यात बसवलं.