‘सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजन्सीसोबत २१४ दिवस

पाचपैकी अडीच तारे. दोन एजन्सीला, अर्धा त्यांच्याकडच्या एका मुलाला. वकिलांच्या ऑफिसातल्या बाईंना पूर्ण पाच द्यायचे होते, पण त्यांच्यासाठी रकानाच नाही.

राहतं घर विकून दुसरं घ्यायचं होतं, कारण सासूबाईंना आता जिने होत नाहीत. पहिल्याचे पैसे हातात आल्याशिवाय दुसऱ्याचे देता येणार नव्हते, म्हणजे दोन्ही व्यवहार एकमेकांच्या पायात पाय अडकवून चालणार. म्हणून मुद्दाम अशी एजन्सी निवडली, जी गिऱ्हाईक शोधण्यापासून बँक, वकील, नोंदणी आणि सामान हलवण्यापर्यंत सगळं करून देते. “मॅडम, तुम्ही फक्त सह्या करायच्या. नव्वद दिवस धरा.”

मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलंय. सवयीनं पहिल्याच दिवशी एक निळी वही घातली : तारीख, कोणाला फोन केला, काय उत्तर मिळालं. शेवटी वही उलगडून बसले आणि ज्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष काही काम केलं ते दिवस मोजले. एकोणचाळीस. उरलेले १७५ दिवस आमचा कागद कोणाच्या तरी टेबलावर नुसता पडून होता. “दोन दिवसांत होईल” हे वाक्य वहीत ३१ वेळा आहे. त्यांच्या दोन दिवसांची सरासरी काढली, नऊ दिवस भरते.

सुरुवात मात्र झकास होती. फोटो चांगले काढले, घर बघायला येणाऱ्यांच्या वेळा पाळल्या. किमतीच्या बाबतीत आमचंच चुकलं, पण त्यांनीही गप्प बसून ते चुकू दिलं. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली पुस्तकांची मांडणी, दर दोन वर्षांनी दिलेला रंग, हे सगळं त्यानं मनातल्या मनात किमतीत धरलं होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं १९९० साली छापलेला, विद्यार्थ्यांवरचा कॉफीच्या मगांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना मग फुकट मिळाला होता, ते तो विकायला जेवढे मागत होते, त्याच्या साधारण निम्मेच द्यायला ज्यांना मिळाला नव्हता ते तयार होते. तिथे तो मग काही मिनिटांपूर्वीच हातात आला होता. इथे आमची एकोणीस वर्षं. एजन्सीला हे कळत नसणार असं नाही. पण चढा आकडा ऐकला की विकणारा खूश होऊन करारावर सही करतो. मग काही आठवडे कोणी फिरकत नाही आणि हळूच “थोडं कमी करूया का?” सुरू होतं.

४१व्या दिवशी गिऱ्हाईक पक्कं झालं, विसार घेतला. त्याच आठवड्यात आम्हीही नव्या घराचा विसार देऊन मोकळे झालो. खरी गोष्ट इथून पुढे.

६८व्या दिवशी घर घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलानं कळवलं की आमच्या घरावर बोजा आहे, म्हणजे सरकारी नोंदीत घर अजून कर्जाला तारण दिसतंय. मी हसले. आमचं कर्ज फिटून अकरा वर्षं झाली होती आणि बँकेचं पत्र फायलीत होतं. पण कर्ज फिटणं आणि नोंदीतून बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी समजलं. बँकेनं पत्र दिलं, नोंद कमी करायला ना त्यांनी पाठवलं ना आम्ही मागे लागलो. आमची चूक, मान्य. पण याच एजन्सीनं पहिल्या आठवड्यात सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन ‘कागदपत्र तपासणी’ म्हणून वेगळी फी लावली होती. त्यांच्या यादीत ‘बोजा’पुढे बरोबरची खूण आहे. खूण कशी आली विचारलं तर म्हणाले, “तुमचं पत्र बघून केली.” म्हणजे नोंद उघडून कोणी पाहिलीच नव्हती! माझा एक तारा इथेच गेला.

बोजा उतरायला ४१ दिवस लागले. जुन्या शाखेनं आमची फाइल कधीच मध्यवर्ती गोदामात पाठवलेली. ती मागवायची, आली की त्यावर एका विशिष्ट अधिकाऱ्याची सही, आणि तो अधिकारी रजेवर. मध्यंतरी बँकेच्या व्हॅल्युअरचा अहवाल शिळा झाला. पुन्हा माणूस आला, पुन्हा टेप लावून तीच खोली मोजली. घर तेच, भिंती त्याच, आकडा मात्र ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आला. बँक कर्ज देते ते तिच्या स्वतःच्या मूल्यांकनावर, आपण आपसात ठरवलेल्या भावावर नाही. त्यामुळे मधली तूट घेणाऱ्याला खिशातून भरावी लागणार होती, आणि त्यानं साहजिकच किंमत उतरवायला सांगितलं.

अर्धा तारा इथला आहे. एजन्सीतला एक तरुण मुलगा संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला आणि पहिल्यांदाच कोणीतरी कागदावर आकडेमोड करून दाखवली : हा ग्राहक सोडला तर नवा मिळेपर्यंत किती महिने, तोवर आमच्या नव्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपेल की नाही, नव्या घराचा विसार बुडेल का. तूट निम्मी निम्मी वाटून घेतली. नवरा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तो मुलगा पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेला, हेही वहीत आहे.

वकिलांच्या ऑफिसातल्या बाई एजन्सीनंच जोडून दिलेल्या, पण त्या वेगळ्याच मातीच्या. दर शुक्रवारी साडेचारला त्यांचा फोन यायचा. कित्येकदा नुसतं “आज काही झालेलं नाही, एवढंच सांगायला फोन केला.” त्या फोननंतर मला झोप लागायची. बाकी सगळ्यांकडून काही कळायचं ते मी मागे लागल्यावरच.

नव्या घराची मालकी तपासायला एवढा वेळ का लागतो, हे त्यांनीच समजावलं. १८५८ साली साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत नाव असणं हाच मालकीचा पुरावा. जिथे ती पद्धत नाही तिथे वकिलाला एकेका जुन्या खरेदीखताचं बोट धरून मागे मागे जावं लागतं, आणि मधला एक कागद सापडला नाही की सगळेच थांबतात. आमच्या बाबतीत कागद सापडला, पण एका जुन्या मालकाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं. त्यावर प्रतिज्ञापत्र. सतरा दिवस.

याच काळात रात्री जागून काहीबाही वाचायचे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ताणांची गुणांसह यादी केली होती. त्यात घर बदलण्याला फक्त २० गुण. वाचून रागच आला. मग हिशेब केला : घर बदलणं २०, राहणीमानातला बदल २५, मोठं गृहकर्ज ३१. बेरीज ७६. घटस्फोटाला ७३ आहेत. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “मग स्वस्तात पडेल ते बघ.”

शेवटचा टप्पा साखळीचा. आमचं घर घेणारा स्वतःचं विकत होता, आम्हाला विकणारे आणखी कोणाच्या घराची वाट बघत होते. टोकाच्या कुटुंबाला ताबा मिळेना म्हणून नोंदणीची तारीख दोनदा पुढे गेली. दुसऱ्यांदा गेली त्याच सकाळी एजन्सीकडून आपोआप जाणारा संदेश आला : “नव्या घराबद्दल हार्दिक अभिनंदन! आमच्या सेवेला किती गुण द्याल?” आम्ही बांधलेल्या खोक्यांवर बसून चहा पीत होतो.

२१४वा दिवस. सकाळी आमच्या घराची विक्री, दुपारी नव्याची खरेदी. सह्या झाल्या, अंगठे झाले, पण समोरच्यांच्या खात्यात रक्कम दिसेना आणि ते किल्ली देईनात. त्यांच्या जागी मीही दिली नसती. ट्रक भरून दारात उभा, हमाल घड्याळ बघतायत, सासूबाई ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून मांडीवर भिंतीवरचं घड्याळ धरून बसलेल्या. एजन्सीचा माणूस फोन उचलत नव्हता. बाईंनी दोन्ही बँकांना फोन लावून रक्कम कुठे अडकलीय ते शोधलं, आणि पाच वाजता किल्ली मिळाली. सामान हलवणारी टोळी उत्तम होती, एक कपसुद्धा फुटला नाही, ते प्रामाणिकपणे नोंदवते.

ही एजन्सी घ्यावी का? घर दाखवायला, गिऱ्हाईक आणायला जरूर. कागदांसाठी मात्र स्वतंत्र वकील आधी गाठा, आणि जुनं कर्ज फिटलेलं असेल तर घर विकायला काढण्याआधी नोंदीत बोजा उतरलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. करारात ‘दर आठवड्याला कळवणे’ असं लिहून घ्या. आम्हाला ते सुचलं नाही.

वहीत दीड पान उरलंय. नव्या घराचं विजेचं मीटर अजून जुन्या मालकांच्या नावावर आहे, ते बदलून देणं एजन्सीच्या कामांच्या यादीतलं शेवटचं काम. काल फोन केला होता. दोन दिवसांत होईल म्हणाले.