ग्लासातलं पाणी नितळ झालं, लिव्हर नाही

सोलापुरात, मागच्या गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानाच्या कडेला, दादाला तो माणूस भेटला. अंगात पांढरा कोट, टेबलावर काचेचा ग्लास. पाण्यात तपकिरी थेंब सोडत म्हणाला, "मालक, हे दारूनं खराब झालेलं लिव्हर." मग चिमूटभर पावडर टाकून ढवळलं आणि पाणी क्षणात नितळ! "अँटीऑक्सिडंट. रोज दोन चमचे घ्या, प्यायचं सोडायची गरज नाही."

दादा यंत्रमागावर रात्रपाळी करतो. सकाळी सुटला की क्वार्टर, वीस वर्षं झाली. डिसेंबरमध्येच लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी 168 आणि एसजीपीटी 74 आलं होतं. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीवर गेला की बहुतेकदा दारूच असते, असं सांगून डॉक्टरांनी ती बंद करायला लावली होती. त्यामुळे दादानं विकत घेतलं ते त्या माणसाचं शेवटचं वाक्य, पावडर निमित्त. तीन डबे, 7,200 रुपये, वहिनीच्या भिशीतले. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान. मीही शेजारीच उभा होतो. डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर बघून मीच म्हणालो, "सरकारमान्य आहे, घे." तो परवाना खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नाही, हे मला नंतर कळलं.

एप्रिलमध्ये पाय सुजले, पोट तटतटलं. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं.

डॉक्टरांनी डबा हातात घेऊन समजावलं. दारू लिव्हरमध्ये फुटते तेव्हा ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स सुटतात, त्यांना आवरणारं लिव्हरचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट, ग्लुटाथिओन, संपत जातं. इथपर्यंत त्या माणसाचं खरं. उंदरांवर अँटीऑक्सिडंटचा गुण दिसतोही. पण सिलिमारिन (एका वनस्पतीचा अर्क), ई जीवनसत्त्व अशी अँटीऑक्सिडंट माणसांना देऊन झालंय; पिणं चालू ठेवून लिव्हर वाचलं, असं काही हाती आलेलं नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन हे आणखी एक अँटीऑक्सिडंट दारूनं लिव्हरला गंभीर सूज आली, म्हणजे हिपॅटायटिस झाला, की स्टेरॉइडसोबत शिरेतून देतात. फ्रान्समधल्या 2011 च्या अभ्यासात त्यानं पहिल्या महिन्यातले मृत्यू घटले, सहा महिन्यांनी ठळक फरक उरला नाही.

ग्लासाचं कोडं पुतण्यानं सोडवलं. अकरावी सायन्सला आहे. पाण्यात बेटाडीनचे थेंब, वर क जीवनसत्त्वाची गोळी कुटून. झालं नितळ. आयोडीनचा रंग जातो, बाकी काही साफ होत नाही. दादा बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला.

त्या माणसाचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला लावला, तर पहिलाच प्रश्न बिलाचा. आमच्याकडे ते वहीचं पान.